एकच कॉन्चेर्टो, एका सीडीवर पांढरी पाच आणि दुसरीवर काळी तीन, मग चुकलंय कोण?

आधी तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का ते बघतो. तुम्ही चार वर्षं बासरी शिकताय, गुरुजी म्हणाले थोडं पाश्चात्यही कानावर पडू दे, म्हणून तुम्ही विवाल्डी या अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराच्या फ्लूट कॉन्चेर्टोंच्या, म्हणजे एक वादक पुढे आणि मागे ऑर्केस्ट्रा अशा रचनांच्या, दोन सीडी मिळवल्यात. एक जुन्या एलपीवरून काढलेली, दुसरी अलीकडची, जिच्या कव्हरवर जुन्या काळच्या वाद्यांवर वाजवलंय असं लिहिलंय. 'ला नोत्ते', म्हणजे 'रात्र', हा कॉन्चेर्टो दोन्हीत आहे. तानपुरा ॲप लावलं तर जुन्या सीडीचा सा पांढरी पाचला लागतो आणि नव्या सीडीचा काळी तीनला. वर नव्या सीडीत फ्लूट व्हायोलिनच्या मागे दबल्यासारखी वाटते, आवाज धुरकट आहे, वाजवणाऱ्या बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येतो. तर सीडी सदोष आहे का, प्लेयर हळू फिरतोय का, पैसे वाया गेले का, आणि शेवटचं म्हणजे आपल्या बासरीवर हे सीडीबरोबर वाजवता येईल का.

पहिल्या तिन्हीचं उत्तर नाही. शेवटच्याचं उत्तर हो, आणि ते ऐकून तुम्हाला गंमत वाटेल, पण त्याला वेळ आहे.

मी वादक नाही, रेकॉर्डिंगवाला आहे. पुण्यात सव्वीस वर्षं हेच करतोय, त्यातलं निम्मं आयुष्य बासरी, सतार आणि गाण्यात गेलं. मधे साडेतीन वर्षं जर्मनीत होतो, तिथल्या एका टीमबरोबर केबल ओढण्यापासून एडिटिंगपर्यंत सगळं केलं आणि फ्लूट आणि चेंबर ऑर्केस्ट्राची सेशन्स पाचसहा वेळा जवळून बघितली. त्यामुळे जे सांगतोय ते माइकच्या बाजूने सांगतोय, संगीताच्या प्राध्यापकांनी थोडं सांभाळून घ्यावं.

पट्टीचं आधी उरकतो. आज जगभर ए हा सूर म्हणजे सेकंदाला 440 कंपनं असं धरतात, हे 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरलं. त्याआधी गावोगाव वेगळं होतं, आणि अठराव्या शतकात तर एकाच गावात चर्चचा सूर वेगळा आणि राजवाड्यातला वेगळा असायचा. म्हणून त्या काळच्या फ्लूटवाल्याच्या पेटीत मधल्या नळीचे तीनचार, कधी सहा तुकडे असायचे, लहानमोठे, ज्या गावात वाजवायचं तिथल्या सुराप्रमाणे तुकडा बदलायचा. आपल्याकडे बासरीवाला कसा पिशवीत सातआठ बासऱ्या घेऊन फिरतो, तसंच, फक्त यांची पिशवी लहान. आता आजचे लोक जुनी वाद्यं वाजवायला लागले तेव्हा त्यांना सगळ्यांना मिळून एक आकडा हवा होता, आणि 415 हा आकडा सोयीचा पडला कारण तो 440 च्या बरोबर एक पट्टी खाली येतो. हार्पसिकॉर्डचा, म्हणजे पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या वाद्याचा, अख्खा कीबोर्ड एक पट्टी सरकवला की काम झालं, वाद्य परत लावायला नको. 'ला नोत्ते' जी मायनरमधे आहे, जी म्हणजे पांढरी पाच, आणि 415 वर ते काळी तीनला जातं. तुमचं ॲप बरोबर, कान बरोबर, प्लेयरही बरोबर.

पण म्हणून 415 म्हणजेच अस्सल असंही समजू नका, हे मुद्दाम सांगतो कारण कव्हरवरचं वाचून तसा समज होतो. क्वांट्झ म्हणून मोठा फ्लूटवादक होऊन गेला, त्याच्याबद्दल पुढे येईलच, त्याने 1752 च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की सगळ्यात चढा सूर व्हेनिसचा. आणि विवाल्डी तर व्हेनिसचाच! म्हणजे जुन्या एलपीवाल्यांनी काही विचार न करता वाजवलेली पांढरी पाच कदाचित त्या गावाला जास्त जवळची असेल. मग उलटा मुद्दाही आहे की 'ला नोत्ते' ज्यात आहे ते सहा कॉन्चेर्टो, ओपस 10 नावाचा संच, छापले गेले ॲमस्टरडॅमला, 1729 च्या सुमारास, मिशेल-शार्ल ल सेन नावाच्या प्रकाशकाकडे, आणि ते विकत घेणारे हौशी लोक बहुतेक उत्तर युरोपातले, जिथे सूर खाली होता. भांडायचं तर दोन्ही बाजूंनी भांडता येतं. मी पट्टीवर भांडत नाही.

खरी गोष्ट वाद्याची आहे.

तुमच्या जुन्या सीडीवर जी फ्लूट आहे ती थिओबाल्ड बोएमने 1847 मधे बनवलेल्या डिझाइनची आहे. धातूची, आत सरळ नळी, मोठी छिद्रं आणि त्यावर चाव्यांची झाकणं, प्रत्येक अर्ध्या सुराला स्वतःचं छिद्र. बारा सूर बारा भावांसारखे, सगळ्यांना सारखी वाटणी. विवाल्डी 1741 मधे गेला, म्हणजे हे वाद्य त्याच्या नंतर शंभरेक वर्षांनी आलंय. नव्या सीडीवर जी आहे ती लाकडी, एका चावीची, सहा बोटांची छिद्रं, डोक्याकडची नळी सरळ आणि खाली निमुळती होत गेलेली. तिला ट्रॅव्हर्सो म्हणतात. छिद्रं लहान. आता बघा, कोमल सूर काढायला तुम्ही छिद्र अर्धं दाबता, ते बासरीवर जमतं कारण छिद्र बोटाएवढं मोठं आहे. ट्रॅव्हर्सोच्या बारक्या छिद्रावर अर्धं दाबणं अवघड, तिथे वरचं छिद्र उघडं ठेवून खालची एकदोन बंद करतात आणि सूर उतरवतात. सूर उतरतो, पण त्याचा आवाज कोंडतो. दाराला पडदा लावल्यासारखा. एका सप्तकात काही सूर लखलखीत आणि काही पडद्याआडचे, असं ते वाद्यच आहे.

डी, जी, ए, ई मायनर असल्या स्केलमधे मोकळे सूर जास्त येतात, म्हणून त्या काळचे ढीगभर फ्लूट कॉन्चेर्टो डी आणि जी मधेच सापडतील. जी मायनर मात्र अडचणीचं. त्यात बी फ्लॅट (फ्लॅट म्हणजे कोमल) आहे, साधा एफ आहे, दोघे बिचारे पडद्याआडचे, ई फ्लॅटला तेवढी ती एक चावी आहे. आणि विवाल्डीने 'रात्र' कशात लिहिली? जी मायनरमधे. त्यात 'भुतं' नावाचा भाग आहे आणि 'झोप' नावाचा भाग आहे. तुम्हाला जो धुरकटपणा वाटतोय ना, तो रेकॉर्डिंगचा नाही, रात्रीचा आहे. चांदीच्या फ्लूटवर तोच बी फ्लॅट स्वच्छ वाजतो, ट्यूबलाइट लावल्यासारखा, वादकाला धुकं मुद्दाम तयार करावं लागतं. काही जण करतात सुद्धा, पण ते करणं कानाला कळतं.

(हे कॉन्चेर्टो सगळेच फ्लूटसाठी नव्याने लिहिलेले नाहीत बरं का. सहापैकी बहुतेक आधीच्या चारपाच वाद्यांच्या रचना होत्या, विवाल्डीने त्या ऑर्केस्ट्रासाठी परत बेतल्या. फ्लूटची फॅशन आली होती, माल तयार होता. आपल्याकडे नाटकातलं पद भजनाच्या चालीवर जातं, तसंच काहीसं.)

आता 'दबलेली' या मुद्द्यावर येतो, कारण तिथे माझं पोट भरतं.

ट्रॅव्हर्सोचं खालचं सप्तक मुळात हळू आहे. नुसतं हळू नाही, मऊ आहे, आणि व्हायोलिन नेमकी त्याच उंचीवर वाजतात. हे त्या काळच्या लोकांना माहीत नव्हतं असं नाही. क्वांट्झ लिहून ठेवतो की चार व्हायोलिन असतील तर एक व्हियोला, एक चेलो आणि मध्यम आकाराचा एक डबल बास घ्या. म्हणजे सात माणसं आणि हार्पसिकॉर्ड. तुमच्या जुन्या एलपीवर तारांची दहाबारा माणसं तरी असतील. विवाल्डी तर त्याहून हुशार, फ्लूट एकटी बोलायला लागली की तो पुष्कळदा बास आणि हार्पसिकॉर्डला गप्प बसवतो आणि खाली फक्त व्हायोलिनचा एक पातळ धागा ठेवतो. पुढच्या वेळी ऐकताना फ्लूटकडे लक्ष देऊच नका, खालून जमीन कधी काढून घेतली जाते तेवढं ऐका. चांगल्या रेकॉर्डिंगमधे ते होताना खोली मोठी झाल्यासारखी वाटते.

हे सगळं वाजायचं कुठे, तर खोलीत. बर्लिनच्या आर्ट गॅलरीत, आल्टे नात्सिओनालगालेरी मधे, मेन्झेलचं एक प्रसिद्ध चित्र आहे, 1850 ते 52 मधे काढलेलं, म्हणजे प्रसंगानंतर शंभर वर्षांनी, कल्पनेनेच. पॉट्सडॅमच्या सान्सुसी महालात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक उभा राहून फ्लूट वाजवतोय, मेणबत्त्या जळतायत, हार्पसिकॉर्डवर सी. पी. ई. बाख आहे, मोठ्या बाखचा मुलगा, मोजके वादक, आणि अगदी उजव्या टोकाला भिंतीला टेकून क्वांट्झ उभा. हा क्वांट्झ राजाचा गुरुजी. 1741 पासून नोकरीला, पगार वर्षाला 2000 थालर, राजासाठी 300 च्या आसपास कॉन्चेर्टो लिहिले, आणि राजाचं वाजवणं झाल्यावर 'ब्रावो' म्हणायचा हक्क त्याच्याकडे. मला त्या चित्रात राजापेक्षा खोली आवडते. समोरचा श्रोता पाचसात पावलांवर आहे. एवढ्या अंतरावर लाकडी फ्लूटला कोणी दाबत नाही.

आता तेच वाद्य आणून चर्चमधे किंवा हॉलमधे रेकॉर्ड करायचं. आपल्याकडे बासरीला माइक कसा लावतात तुम्हाला माहीतच आहे, वीतभर अंतरावर, फुंकरीच्या जरा बाजूला म्हणजे हवा थेट बसत नाही. बासरी मोठी, गोल, कानाला चिकटलेली मिळते, मागे तानपुरा आणि तबला त्यांच्या त्यांच्या माइकवर, मग मिक्सिंगमधे बसवायचं. तिथे हे चालत नाही. तिथे आधी ऑर्केस्ट्राच्या समोर उंचावर मुख्य माइक लावतात, बहुतेक वेळा तीन किंवा दोन, आणि सगळं चित्र त्यातूनच घेतात. डेक्का कंपनीच्या लोकांनी पन्नासच्या दशकात तीन माइकांची जी टी सारखी मांडणी काढली ती आजही चालते. एकल वादक ऑर्केस्ट्राच्या पुढे, कधी ऑर्केस्ट्राकडेच तोंड करून उभा. फ्लूटला वेगळा माइक लावतात, पण दीडदोन मीटरवर आणि वरून, कारण तिचा आवाज एका जागेतून येत नाही, काही फुंकरीच्या भोकातून आणि काही बोटांजवळच्या पहिल्या उघड्या छिद्रातून. फार जवळ गेलात तर तुम्हाला फुंकर आणि चाव्यांची टकटक मिळेल, फ्लूट मिळणार नाही.

आणि हा वेगळा माइक फार जपून उघडायचा असतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास 3 मिलिसेकंद. मुख्य माइक जर फ्लूटच्या माइकपेक्षा चार मीटर लांब असेल तर फ्लूटचा एकच सूर दोनदा पोचतो, 12 मिलिसेकंदांच्या फरकाने. म्हणून जवळचा माइक तेवढा उशिरा करतात. आम्ही कम्प्यूटरवर करतो, पण आधी फूटपट्टीने, म्हणजे खरंच टेपने, अंतर मोजून वहीत लिहून ठेवायचो. हे केलं नाही किंवा माइक फार वर ढकलला तर काय होतं माहितेय? लग्नाच्या ग्रुप फोटोत जो मामा येऊ शकला नाही त्याचा पासपोर्ट फोटो नंतर चिकटवतात ना, तसं होतं. मामा मोठा दिसतो, स्पष्ट दिसतो, पण त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड वेगळ्या खोलीतला असतो.

जुन्या एलप्यांमधे हा मामा बऱ्याचदा सापडतो. मी त्या वाईट म्हणत नाहीये, माझी या संगीताशी ओळखच तशाच एका कॅसेटने झाली, मुंबईला काळा घोड्याच्या र‍्हिदम हाउसमधून आणलेली (2016 साली ते दुकान बंद झालं, आता त्या कोपऱ्यावरून जाताना मी दुसरीकडे बघतो). त्या वेळच्या लोकांना फ्लूट पुढे हवीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्याँ-पिएर रॅम्पालने फ्लूटला व्हायोलिनच्या बरोबरीने स्टेजवर आणून उभं केलं, रेकॉर्डच्या कव्हरवर फ्लूटवाल्याचा फोटो यायला लागला, मग रेकॉर्डमधेही तो पुढे आला. फ्लूटवादक सेव्हेरिनो गाझेल्लोनी आणि इ मुझिची हा ऑर्केस्ट्रा यांचं विवाल्डी ऐकलंत तर कळेल मी काय म्हणतोय, सोन्यासारखा आवाज, व्हायोलिन मखमली, आणि फ्लूट दिवाणखान्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेली. मजा येते. पण ती 1960 च्या दशकाची मजा आहे.

मग नव्या पद्धतीचं रेकॉर्डिंग चांगलं की वाईट कसं ओळखायचं? फ्लूट किती मोठी आहे त्यावरून नाही. फ्लूट आणि व्हायोलिन एकाच खोलीत उभ्या आहेत का, त्यावरून. एक सोपी परीक्षा सांगतो. फ्लूटचा एखादा तुकडा संपतो आणि लगेच सगळा ऑर्केस्ट्रा येतो अशी जागा शोधा, प्रत्येक कॉन्चेर्टोत दहा सापडतील. फ्लूटचा शेवटचा सूर हवेत विरतोय आणि त्याच हवेत व्हायोलिन शिरतायत असं वाटलं पाहिजे. जर एक दार बंद होऊन दुसरं उघडल्यासारखं वाटलं तर तिथे इंजिनियरने काहीतरी केलंय. दुसरं, हळू भागात आवाजाचं बटण फिरवून फ्लूट मोठी करू नका, उलट एकदा पूर्ण आवाज कमी करून बघा, अगदी शेजारच्या खोलीत कोणी बोलावं एवढा. चांगल्या रेकॉर्डिंगमधे तेव्हाही फ्लूट कुठे उभी आहे हे बोटाने दाखवता येतं. आणि मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीच कळणार नाही. ब्लूटूथच्या इयरबडवर थोडंफार. बाजारात बाराशे-पंधराशेचा वायरवाला हेडफोन मिळतो तो घ्या आणि पंखा बंद करा, पुण्यात एप्रिलमधे अवघड आहे मान्य, पण पंखा नेमका फ्लूटच्या खालच्या सप्तकावर बसतो.

श्वासाबद्दल. यावर माझा स्वतःचा एक घोळ सांगतो म्हणजे विषय मिटेल. जर्मनीत नवीन होतो, एका वादक बाईंच्या कॉन्चेर्टोचं पहिलं एडिटिंग माझ्याकडे आलं. तुम्हाला कल्पना नसेल, एका कॉन्चेर्टोत शंभर-दीडशे कट सहज असतात, हा टेक तिथून, तो इथून, सांधा कळू नये म्हणून काही मिलिसेकंदांत एक विरवायचा आणि दुसरा उगवायचा. मी उत्साहात हळू भागातले सगळे श्वास काढून टाकले. सगळे. कामाची छाप पाडायची होती. बाई आल्या, हेडफोन लावला, दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं, आणि हेडफोन काढून मला शांतपणे विचारलं, "यात मी कधी मेले?" त्या दिवशी रात्री अकरापर्यंत बसून एकेक श्वास परत जागेवर आणून ठेवला. तेव्हा लक्षात आलं की श्वास किती लांब आहे यावरून पुढचं वाक्य किती लांब आहे हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. तुमचे गुरुजी आलापात श्वास कुठे घेतात ते बघून तुम्ही पुढचा अंदाज बांधताच की नाही? तेच. मी आजही फक्त तो श्वास कमी करतो जो सुरावर चढलाय, बाकी हात लावत नाही.

सेशनमधे आणखी काय काय असतं ते सीडीवर दिसत नाही. हिवाळ्यात चर्चमधे हीटर बंद, कारण पाइप टिकटिक करतात. थंडीत फ्लूट उतरते आणि हार्पसिकॉर्डच्या धातूच्या तारा आवळून चढतात, म्हणजे दोघं विरुद्ध दिशेला पळतात. बाई दोन टेकच्या मधे फ्लूट कोटाच्या आत काखेत धरून बसायच्या, पिल्लू धरावं तशी, आणि ट्यूनर दर विश्रांतीत हार्पसिकॉर्डवर वाकलेला. आतड्याच्या तारांची व्हायोलिन, ती वेगळीच रडायची, हवेत दमटपणा वाढला की झालं. लाकडी फ्लूट ओली होते, सलग तासभर वाजवली तर आवाज जाड होतो, मग ती पुसून ठेवायची आणि तोवर फक्त ऑर्केस्ट्राचे तुकडे घ्यायचे. दिवसभरात हाताशी लागणारं संगीत दहाबारा मिनिटं. एकदा ट्रक गेला म्हणून टाकून दिलेला टेक अजून माझ्या कानात आहे, त्याच्यासारखा परत झाला नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विवाल्डीवर थांबू नका म्हणून दोन गोष्टी. सी. पी. ई. बाखचा डी मायनर कॉन्चेर्टो शोधा. हा माणूस राजाच्या नोकरीत जवळपास तीस वर्षं होता, रोज संध्याकाळी राजाला साथ करायची आणि स्वतःच्या रचना मात्र राजाला फारशा पसंत नाहीत, आणि तो राग या कॉन्चेर्टोत उतरलाय असं मला वाटतं. शेवटच्या भागात तारा अक्षरशः अंगावर धावून येतात आणि फ्लूटला श्वास घ्यायला जागा शोधावी लागते. रेकॉर्डिंगवाल्याची खरी कसोटी इथे आहे, कारण तारांचा आवाज कमी केला तर राग जातो आणि ठेवला तर फ्लूट बुडते. इथे माइकने काही होत नाही, ऑर्केस्ट्रालाच दात न दाखवता गुरगुरता आलं पाहिजे. जुन्या वाद्यांवर अलेक्सिस कोसेन्को आणि आर्ते देई सुओनातोरी यांनी सी. पी. ई. बाखचे कॉन्चेर्टो केलेत ते मला आवडतात. क्वांट्झसाठी रेचल ब्राउन आणि ब्रँडेनबर्ग कन्सोर्ट. आणि तुम्हाला चांदीसोन्याच्या आधुनिक फ्लूटवरच ऐकायचं असेल पण मामा चिकटवलेला नको असेल, तर इमान्युएल पाहूचं 2011 मधलं राजा फ्रेडरिकच्या दरबारावरचं रेकॉर्डिंग घ्या, काम्मरअकाडेमी पॉट्सडॅम आणि हार्पसिकॉर्डवर ट्रेव्हर पिनॉक. फ्रेडरिकने स्वतः लिहिलेला एक कॉन्चेर्टोही त्यात आहे, राजाच्या मानाने बराच बरा आहे.

मोझार्टचे दोन, जी आणि डी, सगळेच सांगतील म्हणून मी फार सांगत नाही. मॅनहाइमला असताना फर्डिनांड दे जाँ नावाच्या हौशी फ्लूटवाल्याने पैसे देऊन लिहून घेतले, गंमत म्हणजे हा गृहस्थ डच ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर होता, पूर्वेकडे राहून गेलेला. 200 गुल्डन ठरले होते, काम पूर्ण झालं नाही म्हणून 96 च मिळाले. डी मेजरवाला तर मूळ ओबोसाठीचा, सी मधला, एक सूर वर करून दिलेला. वडिलांना फेब्रुवारी 1778 च्या पत्रात लिहितो की जे वाद्य मला सहन होत नाही त्यासाठी लिहीत राहायचं म्हणजे हातपाय गळतात. आणि एवढं करून जे लिहिलं ते असं! चिडायचं की हसायचं कळत नाही. आणि 'हायडनचा फ्लूट कॉन्चेर्टो, डी मेजर' असं कुठे दिसलं तर तो हायडनचा नाही, लिओपोल्ड हॉफमनचा आहे, जुन्या कव्हरांवर अजून चुकीचं नाव सापडतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बासरीवर बरोबर वाजवता येईल का. इथे नव्या सीडीचा फायदा बघा. ट्रॅव्हर्सोची सहाही छिद्रं बंद केली की डी येतो. बासरीची सहा बंद केली की खालचा पंचम. ट्रॅव्हर्सोची वरची तीन बंद केली की जी, बासरीची तीन बंद केली की षड्ज. सगळी उघडी सोडली तर तिथे सी शार्प, इथे तीव्र मध्यम, जीला सा धरला तर दोन्ही एकच. म्हणजे बोटांचा पाया तोच आहे हो! 415 वर ती जी आजची काळी तीन होते, तर काळी तीनची मधल्या सप्तकाची बासरी घेतलीत की तुम्ही आणि सीडीवरच्या बाई शब्दशः एकाच बोटावर, एकाच उंचीवर आहात. जुन्या सीडीबरोबर वाजवायचं तर पांढरी पाचची बासरी लागेल. सध्या तुमच्याकडे बहुतेक पांढरी तीन असेल, ती चालणार नाही, बोटं फिरवावी लागतील.

फरक कोमल सुरांना पडेल. 'ला नोत्ते'त कोमल ग, कोमल ध आणि दोन्ही निषाद लागतात. तुम्ही ते अर्धं छिद्र दाबून काढाल, म्हणजे तुमचा कोमल ग बाईंच्यापेक्षा मोकळा वाजेल, तिथे फुंकर कमी करा, नाहीतर तुम्ही ट्यूबलाइट लावाल. मींड घ्यायचा मोह होईल, घेऊ नका, निदान पहिले पंधरा दिवस. जिभेचं मात्र शिकण्यासारखं आहे, क्वांट्झने त्यासाठी चक्क बोल दिलेत, ती, दी, तिरी, आणि जलद जागी डिड्ल डिड्ल, तबल्याच्या बोलांसारखे पाठ करायचे. आणि लांब सुरावर जो बारीक थरथराट ऐकू येतो तो बऱ्याचदा श्वासाचा नसतो, छिद्राच्या कडेवर बोट हलवून काढलेला असतो, ते तुम्हाला एका दुपारी जमेल.

भुतांचा भाग लगेच वाजवायला जाऊ नका, बोटं अडकतील. सुरुवातीचा लार्गो, म्हणजे संथ भाग, घ्या, आणि नंतर शेवटून दुसरा, झोपेचा भाग, तिथे तारा लांब सूर धरून बसलेल्या असतात आणि घाई कोणालाच नसते. हेडफोनचा एकच कान लावा, दुसरा मोकळा ठेवा. बासरी एवढ्या हळू वाजवा की बाईंचा श्वास तुम्हाला ऐकू येत राहील, आणि त्यांनी घेतला की तुम्हीही घ्या.